आमचूर विकायचाय? आधी पैशाचं बोला!

चाट मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं कधी वाचलीत? त्यात आमचूर हमखास सापडेल. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव परिसरात आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून तो बनवतात.

समजा, नोकरीला रामराम ठोकून तुम्ही तिथल्या बायकांसोबत कंपनी काढताय. स्वतःचा ब्रँड, भाव त्यांच्या हातात. आयडिया झकास! पण धंदा वाढवायला पैसा कुठून आणणार?

व्यापाऱ्याची उचल झटपट मिळते, पण मग माल त्यालाच आणि बहुधा भावही त्याचाच. इन्व्हेस्टर? शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर विसरा. 2002 च्या कायदादुरुस्तीने आलेल्या या प्रकारात शेअर फक्त उत्पादकांनाच मिळतात. प्रायव्हेट लिमिटेड काढलीत तर दार उघडं, पण उद्या मालक कोण? केंद्राने 2020 मध्ये आणलेल्या योजनेत सभासदांच्या भांडवलाइतकीच भर घालायची तरतूद केली, तीही जास्तीत जास्त 15 लाखांपर्यंत.

खरी गोम पुढेच आहे. लिज्जतच्या सात जणींनी 1959 मध्ये 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, देणगी नको म्हणाल्या. पण पापड बारा महिने लाटता येतो. कैरी मिळते काही आठवडे आणि आमचूर खपतो वर्षभर! म्हणजे रोकड हवी एप्रिल-मेमध्ये, सगळी एकदम.

म्हणून माझं मत, चकाचक मशीनच्या आधी बँकेकडे कॅश क्रेडिट मागा. तेही जानेवारीतच. जूनमध्ये मंजुरी आली, तर तोवर कैऱ्या व्यापाऱ्याच्या ट्रकमधून गेलेल्या असतील.