भिवानी: बॉक्सर घडवणारं गाव

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच बॉक्सर गेले. त्यातले चौघे हरियाणातल्या एकट्या भिवानीत तयार झालेले. विजेंदर सिंगने 75 किलो गटात कांस्य मिळवलं. ऑलिंपिकमधलं भारतीय बॉक्सिंगचं ते पहिलं पदक. अखिल कुमार आणि जितेंदर कुमार उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. देशात बॉक्सिंगची चर्चा खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. भिवानीत मात्र प्रशिक्षक कित्येक वर्षं आधीपासून रिंगणात उभे होते.

पाया कोणी घातला

लष्करातले हवा सिंग हेवीवेट गटात सलग 11 वर्षं राष्ट्रीय विजेते होते. 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्ण जिंकलं. निवृत्तीनंतर ते भिवानीत मुलांना शिकवू लागले. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला, पण तो हाती येण्याच्या पंधरा दिवस आधी, ऑगस्ट 2000 मध्ये ते गेले. पुढे ‘साई’चे (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे) प्रशिक्षक जगदीश सिंग यांनी भिवानी बॉक्सिंग क्लब उभा केला. विजेंदर त्यांचाच शिष्य.

प्रशिक्षक काय शिकवतो

लोकांना ठोसा दिसतो. प्रशिक्षक पाय बघतो. नवख्या मुलाला आधी उभं कसं राहायचं, वजन कुठल्या पायावर ठेवायचं आणि मागे सरताना तोल कसा सांभाळायचा, हे शिकावं लागतं. मग जॅब, मग बॅग, मग पॅड. स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, सर्वांत शेवटी, तीही तोडीच्या जोडीदाराशी. इथे घाई करणारा प्रशिक्षक मुलाच्या मनात कायमची भीती बसवतो.

नियम बदलले की शिकवणीही बदलते. बीजिंगमध्ये पंच बटण दाबून ठोसे मोजत, त्यामुळे एक-दोन गुणांची आघाडी घेऊन बचाव करणं फायद्याचं होतं. 2013 पासून प्रत्येक फेरीच्या विजेत्याला 10 गुण देण्याची पद्धत आली. आता तिन्ही फेऱ्यांत वर्चस्व दिसावं लागतं, आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कोपऱ्यातून नेमकी एकच सूचना द्यावी लागते.

मुली रिंगमध्ये आल्या

2012 मध्ये महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं आणि मेरी कोमने कांस्य जिंकलं. दोन वर्षांनी तिच्यावर चित्रपट निघाला, घराघरांत तिचं नाव झालं. पण नावाने मुलगी क्लबच्या दारापर्यंतच येते; पुढे प्रशिक्षक आणि घरच्यांची साथ लागते. भिवानी जिल्ह्यातल्या धनाना गावची नीतू घंघस जगदीश सिंग यांच्या हाताखाली शिकली. तिच्या सरावासाठी वडिलांनी नोकरीतून बिनपगारी रजा घेतली. 2023 मध्ये दिल्लीत ती जगज्जेती झाली. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी चार सुवर्णं जिंकली.

मुलांमध्ये, भिवानीच्याच देवसरचा बॉक्सर मनीष कौशिक लष्करात गेला आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडला. म्हणजे उत्तम प्रशिक्षण आपल्या दारातही आहे. गावोगावच्या क्लबांत मात्र जाणत्या प्रशिक्षकांची वाण आहे, आणि पदकाच्या जल्लोषात ती झाकली जाते, याची मला काळजी वाटते.

पालकांनी काय पाहावं

मुलाला ग्लोव्हज घेण्याआधी एक संध्याकाळ क्लबमध्ये बसा. प्रशिक्षकाने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतली आहे का, विचारा. स्पॅरिंगला हेडगार्ड आणि माउथगार्ड घालतात का, डोक्याला मार बसला की मुलाला लगेच थांबवतात का, हे डोळ्यांनी पाहा. वजन उतरवायला मुलांचं पाणी तोडत असतील, तर तिथे नाव घालू नका.