मागच्या दारी सोनटक्का



घरामागची सावली, पागोळ्यांचं पाणी पडतं ती जागा, फणसाखालची ओल. तिथे गुलाब, शेवंती तगत नाही. अशा सावलीसाठी होस्टा नावाचं सुवासिक फुलांचं रोप फोनवर दाखवतात. पण होस्टा चीन-जपानकडचा. हिवाळ्यात त्याला काही आठवडे कडक गारठा लागतो. तेवढा गारठा मुळशीत पडत नाही, मग रोप वर्षागणिक खंगत जातं. त्यावर पैसे घालू नका, असं आम्ही सांगू.

त्याच जागी सोनटक्का जोमात येतो. तो आल्याच्या कुळातला, म्हणून गड्ड्यापासून लावायचा. ओळखीच्या घरून गड्डा मागून आणा. एकदोन डोळे असलेले तुकडे करा आणि मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या सरींवर दीड-दोन फुटांवर लावा. वर दोन-तीन बोटं माती आणि कुजलेलं शेणखत पुरे. सकाळचं ऊन मिळू द्या. गर्द सावलीत नुसती पानंच माजतात.

पावसाळ्यात पाणी घालावं लागत नाही. खरी कसोटी उन्हाळ्याची. ताम्हिणीकडे ओल जास्त दिवस टिकते, पौड-पिरंगुटकडे जमीन लवकर सुकते. बुडाशी पालापाचोळा पसरा आणि तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी तिथे ओता. साबणाचं पाणी मात्र नको.

गौरी-गणपतीच्या सुमारास पांढरी फुलं येऊ लागतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात. गजऱ्यासाठी किंवा विकायला न्यायची तर फुगलेल्या कळ्या दुपारीच खुडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. एका दांड्याला एकदाच बहर येतो. तो संपला की दांडा बुडापासून कापा, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. तीनेक वर्षांनी गड्डे दाटले की खणून वेगळे करा.

आता महत्त्वाचं. खणलेले गड्डे ओढ्याकाठी फेकू नका. पडलेला तुकडाही ओलीत रुजतो. हवाई, ब्राझील, दक्षिण आफ्रिकेत हाच सोनटक्का बागेतून निसटला आणि पाण्याकाठी त्याची रानं माजली. तिथली मूळची झाडं दबून गेली. आपले ओढे पुढे मुळेला मिळतात. पाण्याबरोबर वाहून गेलेला गड्डा कुठे रुजेल, ते आपल्या हाती राहत नाही. म्हणून जास्तीचे गड्डे गटाच्या बैठकीला घेऊन या आणि ज्या बाईच्या मागच्या दारी ओल आहे, तिला द्या.