तापल्यावरच पक्का होणारा रंग

वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातले डॉज, फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. त्या काळातला एखादा पेट्रोल ट्रक अंगणात उभा करून घरच्या घरी पुन्हा चालता करणारे हौशी लोक आजही आहेत. केबिनचा पत्रा, लाकडी हौदा, बोनेटवरची अक्षरं यांवर ते महिनोन्महिने खपतात. एक्झॉस्टची पाळी शेवटी येते, हात थकलेले असतात, आणि बाजारातून आणलेला चंदेरी रंग एका दुपारी मारून काम उरकलं जातं. मला हे पटत नाही. रंगाऱ्याची खरी परीक्षा अख्ख्या गाडीत कुठे होत असेल तर ती एक्झॉस्टच्या या बिडाच्या तुकड्यावर.

डॉजच्या त्या जुन्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत असतात. त्यामुळे हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड आणि जळका वायू बाहेर काढणारं मॅनिफोल्ड, दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टनं जोडलेली. भरला ट्रक घाट चढू लागला की आतला वायू 700 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि बिडाचं बाहेरचं अंगही काही शे अंशांवर पोहोचतं. कारखान्यांनीही इथे फारसा जीव टाकला नाही. मॅनिफोल्ड बहुधा उघडंच सोडलेलं असे, किंवा इंजिनाचाच रंग त्यावर उडालेला असे आणि पहिल्या काही फेऱ्यांत जळून जाई. जग्वारनं आपल्या एक्सके इंजिनांच्या मॅनिफोल्डवर काचेचा मुलामा भट्टीत भाजून चढवला होता, पण ती चैन महागड्या गाड्यांची. ट्रकच्या वाट्याला तांबेरा आला.

साधा एनॅमल इथे टिकत नाही, कारण त्याला धरून ठेवणारं राळेचं जाळं कार्बनच्या साखळ्यांचं असतं आणि ते आधी पिवळं पडतं, मग करपतं. उष्णतारोधक रंगात सिलिकॉनची राळ असते. तिचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, म्हणजे वाळू आणि काचेच्या जातीचा. रंग पहिल्यांदा कडक तापतो तेव्हा राळेतला सेंद्रिय भाग जळून जातो आणि मागे उरलेलं काचेसारखं जाळं अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांना किंवा लोहाच्या ऑक्साइडला बिडाशी घट्ट बांधतं. म्हणजे रंग मारणाऱ्याचं काम ब्रश ठेवल्यावर अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं आगीनं करायचं असतं.

डबा घेताना आकडा नीट वाचावा. अमेरिकी डब्यावरचे 1200 अंश हे फॅरनहाइट असतात, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम 650. आपल्याकडे बॉयलर आणि चिमण्यांसाठी मिळणारा अ‍ॅल्युमिनियम रंगही वेगवेगळ्या तापमानांचा असतो. 200 अंशांचा डबा स्वस्त पडतो आणि सायलेन्सरच्या मागच्या नळीला तो चालेलही, पण मॅनिफोल्डला तो मारणं म्हणजे साधा रंगच मारणं.

सगळ्यात जास्त वेळ जायला हवा तो सफाईवर. गंजलेले स्टड जोर लावून फिरवले तर ब्लॉकमध्येच तुटतात. आधी तेल पाजायचं, दुसऱ्या दिवशी गरम करून थोडं मागे थोडं पुढे असं खेळवायचं. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते कोरडं खरवडू नये, ग्राइंडर तर लावूच नये. मास्क बांधून, ओलं करून अलगद काढावं. बीड सच्छिद्र असतं आणि वर्षानुवर्षांचं तेल त्याच्या पोटात मुरलेलं असतं. ते वरवर पुसून जात नाही, पहिल्या तापाला बाहेर येतं आणि रंगाला फोड आणतं. म्हणून डिग्रीझरनं धुवावं, मंद तापवून तेल बाहेर येऊ द्यावं, पुन्हा धुवावं आणि मग सँडब्लास्टिंग करून आणावं. ब्लास्ट झालेलं बीड उघडंवाघडं असतं. कोकणातल्या दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत तांबूस होतं, त्यामुळे रंगाचा पहिला हात त्याच दिवशी द्यायचा. खड्डे लांबीनं भरायचा मोह टाळावा. पत्र्यावर शोभणारी लांबी इथे करपून गळते. नेहमीचं अस्तरही चालत नाही, ते खालून जळतं आणि वरचा रंग पोपड्यांनी सुटतो.

रंगाचे हात दोन, तेही पातळ. एकेक थर वाळून 20 मायक्रॉनच्या आसपास राहावा. साठ सेंटिमीटर लांबीचं बीड 500 अंश तापलं तर सुमारे 3 मिलिमीटर लांबतं आणि थंड झालं की परत आखडतं. पातळ थर या हालचालीबरोबर जातो, जाड थर तडकतो. ब्लॉकला टेकणाऱ्या मशिन केलेल्या तोंडांवर रंगाचा ठिपकाही नको. आणखी एक जागा नेहमी विसरली जाते. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या पोटात, थंड इंजिनाला लवकर ऊब देणारी एक झडप असते आणि तिचा दांडा, स्प्रिंग बाहेर दिसतात. तिथे रंग गेला की झडप अडकते. आधी ती मोकळी फिरते का पाहावं, मग चिकटपट्टीनं झाकावी. बसवताना दोन्ही मॅनिफोल्ड आधी ब्लॉकला टेकवून घ्यावीत आणि त्यांना जोडणारे बोल्ट शेवटी आवळावेत, नाहीतर ताणात आवळलेलं बीड चिरतं.

मग आच. बिडाचा नवा तवा एकदम रसरशीत तापवत नाहीत, थोडा तापवून, निववून, पुन्हा तापवून मुरवतात, तसंच हे. भट्टीची सोय असेल तर 120, मग 200, मग 300च्या पुढे, प्रत्येक वेळी अर्धा तास, आणि मधे थंड होऊ द्यायचं. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीच वापरू नये. भट्टी नसेल तर इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावं, निवल्यावर आणखी थोडं जास्त चालवावं, आणि शेवटचा ताप रस्त्यावर द्यावा, कारण उभ्या गाडीत बीड पुरेसं तापत नाही. पहिल्या वेळी धूर येतो, वासही उग्र असतो. हे काम उघड्या हवेतच करावं.

सायलेन्सर आणि मागची नळी यांची गोष्ट वेगळी. तिथपर्यंत येता येता वायू इतका निवतो की सिलिकॉनचा रंग कधी पूर्ण पक्का होतच नाही, नखानंही निघतो. शिवाय तिथला शत्रू आत बसलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण रविवारी सकाळी पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करणाऱ्यांच्या सायलेन्सरमध्ये ते साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून कितीही रंग मारा, त्याला इलाज नाही. इलाज एवढाच, की ट्रक चालू केलात तर तो नीट तापेपर्यंत हिंडवून आणा. सायलेन्सरच्या बुडाशी पाणी गळण्यासाठी बारीक भोक असेल तर रंगानं ते बुजवू नका.

रंग कोणता, यावर हौशी मंडळींत कायम वाद असतो. झगमगीत चंदेरी मला या ट्रकवर उपरा वाटतो. ताज्या ओतकामाच्या बिडाची करडी छटा मिळते, ती घ्यावी. तीही कायमची नाही. दोन सिलिंडरांचे वायू जिथे एकत्र येतात त्या बाकावर ती आधी फिकट पडते, मग तांबेरा डोकावतो. तेवढाच भाग घासून, पुसून, पुन्हा एक पातळ हात द्यायचा आणि ट्रक चढावर न्यायचा.