मोड आलेल्या धान्याचा पाव

जपानी लोक ब्रेडला 'पान' म्हणतात, आपण 'पाव' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच घरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची गलबते जिथे जिथे लागली तिथे त्यांनी हा शब्द मागे ठेवला, गोव्यात आणि नागासाकीतही. त्यामुळे तोक्योच्या निशिकासाई भागात, माझ्या लेकीच्या घराखालच्या दुकानात पहिल्यांदा ब्रेड मागताना मला जपानी शिकावे लागले नाही. 'पान' म्हटले आणि पुढ्यात आठ प्रकार आले.

निशिकासाईत भारतीय माणसे पुष्कळ. पोहे, तूरडाळ, कढीपत्ता सगळे मिळते, आणि २०१९ साली तर आपल्या पुण्याचे योगेंद्र पुराणिक या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. तेव्हा खाण्याचे हाल होत नाहीत. पण ठाण्याहून सारखे फोन येतात आणि विचारणा एकच असते : 'जपानमध्ये मोड आलेल्या धान्याचा ब्रेड खातात म्हणे, त्याने साखर जाते, खरे का?' मी चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि एकोणीस वर्षे स्वतः मधुमेह सांभाळते आहे. म्हणून या महिन्यात याच पावाविषयी लिहिते.

जपानमध्ये मोडांचा मान गव्हाला नसून तांदळाला आहे. त्याला 'हात्सुगा गेनमाई' म्हणतात. गेनमाई म्हणजे फक्त टरफल काढलेला, न सडलेला तांबूस तांदूळ, आणि हात्सुगा म्हणजे मोड आलेला. हा तांदूळ कोमट पाण्यात साधारण एक दिवस भिजवतात आणि मोड जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर डोकावला की थांबवतात. चष्मा लावल्याशिवाय तो दिसायचाही नाही. आपल्या मटकीसारखी लांब शेपटी त्यांना नको असते. पांढरा तांदूळ मात्र कितीही भिजवा, त्याला मोड येणार नाही. ज्यातून मोड यायचा तो अंकुर गिरणीत कोंड्याबरोबर निघून गेलेला असतो.

मोडांची गोष्ट आपल्याला कोणी परक्याने शिकवावी असे नाही. बिरड्याचा रोजा पाळणाऱ्या समाजाला काय सांगायचे? वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे आणि रोजा सुटला की नारळाच्या रसातले बिरडे केळीच्या पानावर. न भिजवता शिजवलेला वाल पोटाला जड जातो आणि मोड आलेला त्या मानाने हलका, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कारण तेवढे आता शास्त्राने सांगितले आहे.

दाणा म्हणजे कुलूप लावलेले कोठार. पाणी आणि ऊब मिळाली की आतला अंकुर जागा होतो आणि कोठार फोडू लागतो. त्यासाठी तो काही पाचक द्रव्ये तयार करतो. एक द्रव्य पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवते, म्हणून मोड आलेले धान्य किंचित गोड लागते. दुसरे प्रथिने सुटी करते. तिसरे फायटिक आम्ल मोडते. हे आम्ल दाण्यातले लोह, जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवते व आपल्या अंगी लागू देत नाही. ते कमी झाले की त्याच घासातून थोडे अधिक लोह मिळते. काही जीवनसत्त्वेही वाढतात. शिवाय दाणा मऊ होतो, जो आपल्या वयात काही लहान फायदा नाही.

जपान्यांना आणखी एका द्रव्याचे फार कौतुक आहे. त्याचे नाव गाबा, म्हणजे गॅमा अमिनोब्युटिरिक आम्ल. तांदळाचा अंकुर ४० अंशांच्या पाण्यात भिजवला की त्यात हे द्रव्य खूप वाढते, असे तिथल्या सरकारी कृषी संशोधकांनी १९९४ साली दाखवले. पुढे तो तांदूळ पाकिटांतून विकू लागले आणि भात शिजवायच्या विजेच्या कुकरवर त्यासाठी वेगळे बटण आले. आता गाबाची चॉकलेटेही मिळतात. रक्तदाब किंचित उतरतो असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. पण रक्तदाबाची गोळी ज्या जागी आहे ती जागा हा भात किंवा पाव घेऊ शकत नाही. झोप लागते, मेंदू तल्लख होतो वगैरे जे पाकिटावर सुचवलेले असते, ते मी तरी मनावर घेत नाही. खाल्लेल्या गाबापैकी मेंदूपर्यंत फारच थोडे पोचते.

कोंडा आणि अंकुर यांची किंमत जपानने फार महाग मोजून शिकली आहे. पॉलिश केलेला पांढरा भात खाणाऱ्यांना तिथे बेरीबेरी होई. पाय सुजत, बधिर होत, शेवटी हृदय थकून माणूस जाई. १८८३ साली र्यूजो या युद्धनौकेच्या लांबच्या सफरीत ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ मेली. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी दुसरे जहाज त्याच वाटेने पाठवले, पण शिधा बदलून. त्यात मांस, दूध, पाव वगैरे दिले. त्या जहाजावर एकही माणूस दगावला नाही. खलाशांना पाव मात्र आवडला नाही, म्हणून नंतर भातात जव मिसळायला सुरुवात झाली. ताकाकींना वाटले होते की उणीव प्रथिनांची आहे. खरी उणीव होती कोंड्यातल्या ब-१ जीवनसत्त्वाची, आणि १९१० साली सुझुकी उमेतारो यांनी ते तांदळाच्या कोंड्यातून वेगळे काढले. निदान चुकले, उपाय बरोबर लागला. वैद्यकात असे पुष्कळदा होते.

आता पावाकडे. इथला रोजचा पाव म्हणजे 'शोकुपान', चौकोनी, पांढराशुभ्र, कापसासारखा. त्याचे काप जाड असतात. साधारण ३४० ग्रॅमच्या वडीचे सहा काप करतात, म्हणजे एक काप जवळजवळ ६० ग्रॅमचा. आपल्या मुंबई-ठाण्याच्या सँडविच ब्रेडचे दोन काप त्यात बसतात. 'मी सकाळी एकच स्लाइस खाते' असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. मी यंत्रावर दोन आठवडे रोज साखर पाहिली. साध्या शोकुपानाचा आणि मोडांच्या पावाचा फरक होता, पण थोडा. एका कापाऐवजी दोन काप खाल्ले त्या दिवशीचा फरक मात्र डोळ्यांत भरला.

मोडांचा पाव लेक घरीच करते. त्याला कारण आहे. इथल्या पावात दूध, लोणी किंवा शॉर्टनिंग असते, आणि ते शॉर्टनिंग कशाच्या चरबीचे हे कळत नाही. मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचा पाव आपल्याला चालत नाही. पाव करायचे घरगुती यंत्र या देशात १९८७ पासून आहे, मात्सुशिता कंपनीने ते आणले. २०१० साली सान्यो कंपनीने तर अख्ख्या तांदळाचाच पाव करणारे यंत्र काढले आणि मागणी इतकी आली की काही आठवड्यांत नोंदणी थांबवावी लागली. लेकीचे यंत्र साधे आहे. पावशेर गव्हाच्या पिठाला एक वाटी शिजवलेला हात्सुगा गेनमाई, तेल, यीस्ट, चिमूट मीठ. रात्री घातले की सकाळी घरभर वास.

चव सांगायची तर पहिल्या घासाला मला भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण झाली, आणि मागून किंचित गोडी, साखर न घालता. आतून ओलसर. जपानी भाषेत अशा चिवट-मऊपणाला 'मोचीमोची' म्हणतात. नाचणीची गरम भाकरी नारळाच्या रसात बुडवली की जशी लागते त्याच्या जवळपास. दाणे जिभेला लागतात पण दातांखाली सहज जातात. कडेचे दाणे मात्र भट्टीत वाळून खड्यासारखे होतात आणि टोस्ट केला तर आणखीच. कवळी वापरणाऱ्यांनी कडा काढाव्यात, टोस्ट करू नये, हवे तर काप इडलीपात्रात दोन मिनिटे वाफवावा. आणखी एक. मोचीमोची पदार्थ घशात अडकतो. दर नव्या वर्षाला तोक्योचे अग्निशमन दल म्हाताऱ्यांना मोचीचे लहान तुकडे करून खा म्हणून बजावते, तरी माणसे गुदमरतातच. पाव मोचीइतका चिकट नाही. पण ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी बसून, लहान घास, मध्ये घोटभर पाणी, असेच खावे.

विकतच्या पावाचे म्हणाल तर तीन जाती आहेत. एकात मोड आलेले दाणे ओलेच वाटून त्यांचाच गोळा भाजतात, पीठ नसतेच. तो जड, दमट, जवळजवळ केकसारखा. दुसऱ्यात मोड वाळवून दळतात. तिसऱ्यात साध्या मैद्यात मूठभर मोड टाकतात आणि पाकिटावर मोडांचे मोठे चित्र काढतात. दुकानात बहुतेक तिसराच असतो. घटकांच्या यादीत जे जास्त ते पहिले लिहिलेले असते, जपानमध्येही आणि आपल्याकडेही. पहिले नाव मैद्याचे असेल तर चित्रावर जाऊ नये.

फोनवर फिरणारा तो संदेश मलाही आला. 'संदेष्टा यहेज्केल यांनी सांगितलेला पाव खा, मधुमेह पळवा.' यहेज्केल म्हणजे आपल्या जुन्या नावांतला हसाजी. अमेरिकेत त्यांच्या नावाने मोडांचा ब्रेड विकतात हे खरे, आणि ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात गहू, जव, घेवडा, मसूर वगैरे एकत्र करून भाकर कर असे वचन आहे हेही खरे. पण तिथे मोडांचा शब्द नाही आणि आरोग्याचाही नाही. ती यरुशलेमच्या वेढ्याची खूण होती, मोजून मापून खायची उपासमारीची भाकर. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी हा संदेश वाचून गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात साखर चारशेच्या वर गेली आणि त्यांना भरती करावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. ६० ग्रॅमच्या साध्या पावात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. मोडांच्या पावात ती काहीशी कमी आणि तंतू जास्त, म्हणून साखर जरा सावकाश चढते. चढते मात्र नक्की. जे प्रयोग झाले त्यांत मोडांच्या तांदळाची तुलना बहुधा पांढऱ्या भाताशी होती. साध्या हातसडीच्या तांदळाशी तुलना केली तर फरक बराच आकसतो.

ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनी गव्हाच्या मोडांचा पाव खाऊ नये, मोडाने ग्लूटेन जात नाही. आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. फायटिक आम्ल मोडले की त्यातले फॉस्फरसही सुटे होते आणि अंगात अधिक शोषले जाते. निरोग्याला जो फायदा, तो त्यांना त्रास.

मोड कच्चे खाऊ नयेत, हे मी ठासून सांगते. ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच आवडते. १९९६ च्या जुलैत ओसाकाजवळच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना ओ-१५७ या जंतूची बाधा झाली. संशय मुळ्याच्या कोवळ्या कोंबांवर आला. आरोग्यमंत्री कान नाओतो यांनी लोकांची भीती घालवायला कॅमेऱ्यासमोर वाडगाभर कोंब खाल्ले. उत्पादकांनी पुढे सरकारवर दावा लावून भरपाईही मिळवली, कारण कोंबांवरचा ठपका पक्का सिद्ध झाला नव्हता. पण ओल्या मोडांत जंतू वाढतात यात वाद नाही. पाव भट्टीतून निघतो, त्यामुळे ती भीती तिथे राहत नाही.

ठाण्या-अलिबागला असा पाव शोधत फिरायची गरज नाही. नाचणी आठ-दहा तास भिजवा, फडक्यात बांधा, मोड डोकावला की सावलीत सुकवा, मंद भाजा, दळा. पाऊण वाटा साधे पीठ आणि पाव वाटा हे पीठ अशी भाकरी करावी. नुसत्या मोडांच्या पिठाची भाकरी थापताना तुटते. गव्हालाही तसेच करता येते, मात्र मोड दाण्याहून लांब वाढू देऊ नका. पिष्ट फार फुटले तर पोळी चिकट होते. जपानात गव्हाच्या कापणीच्या सुमारास पावसाळा येतो आणि शेतातच कणसाला मोड फुटले तर त्या गव्हाचा भाव पडतो, कारण त्याचे नूडल मऊ पडतात. शेतकऱ्याचे नुकसान तेच दुकानात जास्त पैसे देऊन घ्यावे लागते, ही गंमतच म्हणायची.

शब्बाथसाठी कोणी विचारले म्हणून : निव्वळ तांदळाच्या पावावर हमोत्सी म्हणत नाहीत, त्यासाठी गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट यांपैकी धान्य लागते. लेकीच्या पावात गव्हाचे पीठ मुख्य असल्याने तिथे अडचण येत नाही. आणि पेसाहच्या आधी घर आवरताना मोड आणलेल्या गव्हाचे पीठ डब्यात राहिले असेल तर तेही खमीरातच धरा, कारण ते पाण्यात भिजलेले आहे. नाचणीच्या पिठाचा डबा वेगळा ठेवला असेल तर तो तसाच राहू द्या, फक्त गव्हाच्या चक्कीवर दळलेला नसावा.