'पडीक' कोणी ठरविले?

'पडीक' हा शब्द महसुली दप्तराचा. निसर्गाला तो ठाऊक नाही. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती निरुपयोगी, हा हिशेब इंग्रजी अमलात रूढ झाला आणि स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही. सोलापूरकडील माळरानांचे दुर्दैव या एका शब्दात साठले आहे. पर्जन्यछायेतील या माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वाढतात. धनगरांची मेंढरे, काळवीट, लांडगा, खोकड या साऱ्यांचा निर्वाह त्यांवरच चालतो. माळढोकाला तर उघडा माळच हवा. त्याची मादी भुईवर बहुधा एकच अंडे घालते; दूरवर पोचणारी नजर हेच तिचे संरक्षण.

१९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचे! त्यात गावे आली, शेते आली, आणि पक्ष्याविषयी आस्था वाढण्याऐवजी शेतकऱ्याच्या मनात रोषच साठला. पुढे हे क्षेत्र पुष्कळ घटवावे लागले. दुसरीकडे, वनीकरणाच्या उत्साहात नान्नजच्या माळावर गिरिपुष्पाची झाडे उभी राहिली. वृक्षारोपण पुण्यकर्म खरे. पण माळावर त्याने गवत हटते आणि शिकारी पक्ष्यांना आयतीच बैठक मिळते. उरलेले बहुतेक माळढोक आज राजस्थानात आहेत. नान्नजला त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.