कळफलकावरील आज्ञांची पुनर्रचना : ईमॅक्सचे उदाहरण

मजकूर-संपादकात कोणत्या कळेने कोणती आज्ञा पाळली जावी, हे प्रणालीच्या कर्त्याने ठरवावे की तिच्यावर नित्य काम करणाऱ्याने, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु प्रबंधलेखनासारख्या दीर्घ कामात त्याच त्या आज्ञा वारंवार द्याव्या लागतात, आणि बोटांत एकदा मुरलेली सवय सहजी सुटत नाही. म्हणून ईमॅक्स या संपादकाचा पूर्वेतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

१९७० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘टेको’ नावाचा संपादक प्रचारात होता. कोणत्याही कळेला टेकोच्याच भाषेतील एखादा छोटा प्रोग्राम जोडता यावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात केली. ती इतकी लोकप्रिय झाली की जो तो आपापला आज्ञासंच रचू लागला. परिणामी दुसऱ्याच्या टर्मिनलवर बसावे, तर हाताखालची कळ काय करील याची शाश्वती उरली नाही. १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हे विखुरलेले संच एकत्र करण्याचे काम आरंभिले, स्टॉलमन यांनी ते तडीस नेले, आणि त्यातून ईमॅक्स सिद्ध झाला. पुनर्रचनेच्या मुभेसाठी ख्यातनाम झालेला हा संपादक मुळात त्या मुभेच्या अतिरेकावरील उपाय होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

या उपायात स्वातंत्र्य हिरावून घेतलेले नाही. त्याला जागा नेमून दिली आहे. आजच्या ग्नू ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी आणि त्यापुढील एक साधे अक्षर, तसेच एफ-५ ते एफ-९ या कळा वापरणाऱ्यासाठी राखीव असतात. विस्तार-प्रणालींनी त्या घेऊ नयेत असा संकेत आहे. तळटीप घालण्याची आज्ञा तेथे बसवावी. याउलट, अन्य प्रणालींतील सवयीमुळे कंट्रोल-एस या जोडीला फाईल जतन करण्याचे काम दिले, तर तिच्याकडील शोधाची आज्ञा जाते. आणि शोध चालू असता पुढील आढळाकडे नेणारी कळही तीच असल्याने हा सौदा महागात पडतो. कंट्रोल-एच व त्यानंतर के दाबून इष्ट कळ दाबली, की तिचे विद्यमान कार्य पडद्यावर दिसते. बदलापूर्वी एवढे तरी अवश्य पाहावे.

मराठी लेखकाची अडचण निराळी. संगणकाच्या पातळीवर इनस्क्रिप्ट चालू असता जे या कळेतून ‘र’ आणि के या कळेतून ‘क’ उमटतो. मग कंट्रोलसह तीच कळ दाबल्यास ईमॅक्सला अनेकदा अपरिचित जोडी मिळते आणि आज्ञा निष्फळ होते. अशा वेळी संगणक रोमन लिपीतच ठेवून ईमॅक्सची अंतर्गत ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ पद्धती निवडावी. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ या जोडीने ती चालू वा बंद होते. मजकूर देवनागरीत उमटतो, आज्ञा पूर्ववत् चालतात. कंट्रोल-सीनंतरचे अक्षरदेखील रोमनच मानले जाते, त्यामुळे राखीव जागेत बसविलेल्या स्वतःच्या आज्ञांना लिपी बदलल्याने बाध येत नाही.