सीमारेषेबाहेरचा आवाज

कोल्हापूरला कुस्तीइतकेच वेड फुटबॉलचे आहे आणि ही दोन्ही वेडे एकाच घरातली. पेठापेठांतील तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून आजही पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नावांपुढे ‘तालीम मंडळ’ असे लागते. शाहू स्टेडियमवर चुरशीचा सामना असला की दुकानातील पोरे मालकाची नजर चुकवून पसार होतात आणि पुष्कळदा मालक त्यांच्या आधीच तेथे जाऊन बसलेले असतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. आपल्या व्यापारी घरांतील मुलेही आता हौसेने बूट चढवू लागली आहेत, याचा आनंदच आहे. मला लिहायचे आहे ते सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांविषयी.

गेल्या उन्हाळ्यात बारा वर्षांखालील मुलांचा एक सामना पाहण्याचा योग आला. पंच जेमतेम वीस वर्षांचा, बहुधा महाविद्यालयात शिकणारा. त्याने एक फ्री किक दिली, ती चूक होती की बरोबर हे मला सांगता येणार नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मात्र त्या मुलाच्या आईचा उद्धार केला, तोही सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात. हे गृहस्थ परिचयाचे. त्यांची घाऊक पेढी आहे. उधारी थकविणाऱ्या गिऱ्हाइकालाही ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणणारे. दोन पावलांवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांचा चिरंजीव मैदानात होता; तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

अशा वेळी एक समर्थन हमखास ऐकू येते : ‘आवेशात तोंडून निघून जाते हो, मनात काही नसते.’ बँकेच्या काउंटरवर आणि काउंटरमागे माझी छत्तीस वर्षे गेली, त्यामुळे हे समर्थन मला पटत नाही. कर खात्याची चुकीची नोटीस आल्यावर जो संताप येतो तो फ्री किकच्या संतापाहून कमी नसतो. पण त्या कार्यालयात कोणाच्या तोंडून काही निघून जात नाही. म्हणजे जीभ आवरता येते. कोठे आवरायची आणि कोठे सोडायची, याचा हिशेब मनात पक्का असतो. जो उलट उत्तर देऊ शकत नाही आणि ज्याच्याशी आपले काही अडलेले नाही, त्याच्यावर ती सुटते.

दुसरे समर्थन अभिमानाचे आहे. आमची भाषा रांगडी, आमची शिवी प्रेमाची, असे म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. रंकाळ्यावर दोन जुने मित्र भेटल्यावर एकमेकांना जे संबोधतात ते येथे छापता येणार नाही, पण त्यात जिव्हाळा असतो, कारण दोघेही बरोबरीचे असतात. वीस वर्षांचा पंच आणि पंचेचाळीस वर्षांचे पेढीमालक हे असे मित्र नव्हेत. आपल्याकडे शिमग्याला शिव्यांची मुभा असे हेही खरे. पण त्या मुभेला दिवस ठरलेला होता आणि दुसऱ्या दिवशी ती संपत असे.

मुले शिव्या शिकतील ही भीती मला फारशी वाटत नाही. ते शब्द त्यांना शाळेच्या रिक्षातच कळलेले असतात. मैदानावर ती शिकतात त्यांचा वापर : डाव उलटू लागला की आपल्याहून लहान माणूस शोधावा आणि त्याच्यावर ओरडावे. त्याच मुलांपैकी दोघे मध्यंतरानंतर आपल्याच गोलरक्षकावर तसे ओरडत होते. तो अकरा वर्षांचा गोलरक्षक त्यानंतर प्रत्येक चेंडूगणिक आधी बाहेर पाहू लागला. चेंडू पायात घेऊन खेळण्याऐवजी तो लांब भिरकावून मोकळा होऊ लागला. ज्याला चुकण्याची भीती बसली त्याचे खेळ शिकणे तेथेच थांबते. आणखी एक नुकसान ताळेबंदात दिसत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने, मुलगी उत्तम धावत असूनही, ‘तेथली भाषा ऐकवत नाही’ म्हणून तिचे फुटबॉल बंद केले.

नियम काय सांगतात? फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार अपमानास्पद वा शिवराळ भाषा वापरणाऱ्या खेळाडूला थेट लाल कार्ड आहे. २०१९ पासून प्रशिक्षक आणि संघाच्या इतर पदाधिकाऱ्यांनाही कार्ड दाखविता येते. प्रेक्षकाला मात्र कार्ड नाही. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारून इतरांना उपद्रव देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु मुलांच्या सामन्यासाठी पोलिसांकडे कोण जाणार, आणि जावे तरी का?

जर्मनीत यावर निराळा विचार झाला. राल्फ क्लोर या गृहस्थांनी २००७ साली आखेन परिसरात लहान मुलांसाठी एक लीग सुरू केली. तेथे पंचच नसतो, फाउल झाला की नाही ते मुलेच आपसांत ठरवितात. दोन्ही प्रशिक्षक एकाच ठिकाणी उभे राहतात, आणि पालकांना मैदानापासून सुमारे पंधरा मीटर दूर ठेवले जाते. पुढे जर्मन फुटबॉल महासंघानेही ही पद्धत उचलून धरली. इंग्लंडमध्ये तेथील फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम काढली. तिच्यात सीमारेषेपासून थोडे मागे प्रेक्षकांसाठी पट्टी किंवा दोर बांधण्याची पद्धत आहे. पंचाशिवाय सामना आपल्याकडे चालेल असे मला वाटत नाही, पहिल्याच कॉर्नरला तंटा होईल. दोर मात्र सहज बांधता येईल.

त्याचा खर्च किरकोळ आहे. हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात दोर आणि आठ-दहा खुंट्या मिळतात, आणि असे दुकान आपल्यापैकीच कोणाचे तरी असते. अडचण आहे ती दोराशी उभे राहणाऱ्या माणसाची. हे काम पंचाकडे देऊ नये, त्याला शिट्टी पुरेशी आहे. दोन्ही संघांच्या पालकांतून एकेक जण पाळीने नेमावा, तो शक्यतो वयाने मोठा असावा, आणि ज्याचा आवाज चढेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाच्या गाड्याकडे घेऊन जाण्याइतपत त्याचा अधिकार असावा. सर्वांसमोर झापू नये. त्याचा मुलगा पाहत असतो. आपल्या भागात मुलांची स्पर्धा ठरेल तेव्हा संयोजकांना एवढेच विचारावे की दोर कोण आणणार, आणि पहिल्या सामन्याला पाळी कोणाची. मी माझे नाव दिले आहे.